सात सत्कृत्ये आणि एक दात

नाताळला इगर्जीत मिस्साची प्रार्थना झाल्यावर वस्तीतल्या एका जुन्या माणसाने आपल्या कामाविषयी लिहून आणावं आणि सगळ्यांना वाचून दाखवावं, अशी टूम आमच्या नव्या पाद्रीबाबांनी काढली आहे. गेल्या वर्षी तोफा ओतणारा कायतान उभा राहिला. पितळ किती आणि कथील किती हे त्याने इतकं बारकाईने सांगितलं, की अर्धी इगर्जी घोरायला लागली. यंदा पाळी माझी आहे. मी कुणाला झोपू देणार नाही. माझ्यासमोर ज्याने तोंड उघडलं, त्याला आजवर कधी डुलकी आलेली नाही.

मी आंतोन. श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात जखमा बांधणारा एक फिरंगी जर्राह होता, त्याच्या हाताखाली मी चाकरीला लागलो. लढाई नसली की जखमा नसत, दात मात्र बारा महिने दुखत. तेव्हा जर्राहाने जखमा स्वतःकडे ठेवल्या आणि दात माझ्याकडे ढकलले. पुढे तो गोव्याला निघून गेला आणि त्याचा चिमटा माझ्याकडे राहिला. गावात वैदू होते, दोरा बांधून दात ओढणारे न्हावी होते, पण फिरंगी चिमटा माझ्या एकट्याकडे. नागझरीच्या ओढ्याकाठी चिंचेखाली एक बसका दगड होता, तेच माझं दुकान. पुणेकरांच्या जिभेवर आंतोन काही बसेना, त्यांनी माझा अंतोबा करून टाकला. मीही ओ देत गेलो.

काम समजायला सोपं आहे. गिऱ्हाइकाला दगडावर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरायचं. मग चिमट्याच्या दांड्याने एकेक दात हलके वाजवून बघायचा. तोंडाकडे बघायचं नाही, डोळ्यांकडे बघायचं. दुखऱ्या दातावर दांडा पडला की माणसाच्या डोळ्यांत चटकन पाणी येतं. तोच दात धरायचा, आधी आत-बाहेर हलवायचा, मग ओढायचा. नवशिके आधी ओढतात आणि दात मोडून मूळ आत ठेवतात. ओढण्यापेक्षा हलवण्यात खरं कसब आहे. बाकी मीठ, लवंग आणि गोड बोलणं.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. एक पैलवान दोन माणसांना काखेत धरून चालू शके, तो माझा चिमटा बघूनच खाली कोसळला. मी त्याची दाढ तो शुद्धीवर यायच्या आत काढून घेतली आणि त्याला उठवून म्हटलं, "आता बसा, काढू या." तो पुन्हा कोसळला. एक सरदार आले ते आपल्या हुजऱ्याला घेऊन. मला म्हणाले, "आधी ह्याचा काढ. काय होतं ते आम्हांस बघू दे." हुजऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यासारखे. तो माझ्याकडे असा बघत होता, की त्याचा दात काढायला माझं मन धजेना. मी त्याच्या तोंडात चिमटा घालून खाटखुट केलं, त्याच्या कानात "ओरड" म्हटलं आणि खिशातली एक जुनी दाढ काढून दाखवली. सरदार खूश झाले, स्वतः बसले आणि हुजऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडले.

ही लबाडी म्हणजे पुण्यकर्म होतं असं मी आजही मानतो. दुसरी एक केली, ती तशी नव्हती. सांगायचं आहे ते तिचंच.

पौषातली एक सकाळ. त्र्यंबकभट म्हणून शनिवार पेठेतले एक वेदपाठी ब्राह्मण होते, ते उपरणं गालाशी धरून चिंचेखाली आले. सगळा वेद त्यांना तोंडपाठ होता आणि मोठमोठ्या वाड्यांतून त्यांना पठणाला बोलावणं असे. माझ्यापासून चार हात लांब उभे राहून ते म्हणाले, "अंतोबा, वरचा दात आहे. आमची अट एकच. हात एकदाच लावायचा. तुला शिवल्यावर स्नान आहेच, पण दहादा शिवून घेण्याची आम्हांस हौस नाही."

मी म्हणायला हवं होतं, की भटजी, वाजवून बघितल्याशिवाय मी दात काढत नाही. पण तेव्हा मला माझ्या नजरेची भारी घमेंड. म्हटलं, "एकदाच लावतो." त्यांनी तोंड उघडलं. पुढचा पटाशीचा एक दात चांगला काळा पडलेला होता. धरला, हलवला, ओढला. दोन श्वासांत काम झालं.

हातात बघतो तो मूळ पांढरंशुभ्र. दात ठणठणीत होता, काळेपणा नुसता विड्याचा. आणि भटजी तर डोळे फिरवून शेजारच्या सुळ्याकडे बोट दाखवत होते.

त्या क्षणी मी काय केलं ते माझ्या बायकोला, कतरीनलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. मी तो दात नागझरीत भिरकावला आणि धीरगंभीर आवाजात म्हणालो, "कीड जोडीने असते, भटजी. एक गेली, आता दुसरी काढायला हवी." मग सुळाही काढला. त्याच्या मुळाशी पू होता. भटजींनी चूळ भरली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते नदीवर स्नानाला गेले. मी चिमटा धुतला. हात धुऊनही स्वच्छ झाले असं काही वाटेना.

आमचे तेव्हाचे पाद्रीबाबा वर्षातून एकदा, पास्काच्या सणाआधीच्या उपासांत, घाट चढून पुण्याला येत. वस्तीतला प्रत्येक जण त्यांच्यापाशी गुडघे टेकून वर्षभराच्या पापांचा कुमसार, म्हणजे कबुली, करी. मी दाताचं सांगितलं. मला वाटलं होतं, पन्नास प्रार्थना म्हणायला लावतील आणि सोडतील. पाद्रीबाबा म्हणाले, "आंतोन, प्रार्थना तू चिमटा चालवता चालवता म्हणून टाकशील. पाप हातांनी केलंस, आता हातांनी काहीतरी कर. दयेची सात कृत्यं तुला पाठ आहेत ना? भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस, मेलेल्याला माती. सातही कर. आणि सुरुवात त्या भटापासून."

मी सुरुवात दुसऱ्या टोकापासून करायचं ठरवलं. भटजींकडे जाऊन खरं सांगायचं म्हणजे कोतवालासमोर उभं राहायचं आणि चाकरीवर पाणी सोडायचं. त्यापेक्षा सहा-सात सत्कृत्यं आधी गाठीला बांधली, तर देव भटजींचं प्रकरण त्यातच जमेला धरील, असा माझा हिशेब होता. स्वर्गाला मी मंडईसारखं समजत होतो.

पण पुण्यात सत्कृत्य करणं किती अवघड आहे, हे करायला गेल्याशिवाय कळत नाही.

कतरीनने मोठं पातेलंभर भात आणि सुक्या मासळीची आमटी केली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला भुकेल्याची वाट बघत बसलो. भुकेले पुष्कळ आले. प्रत्येकाने आधी विचारलं, "रांधलंय कुणी?" आम्ही सांगितलं की तो पुढे चालू लागे. एक घोड्याचा मोतद्दार तेवढा घुटमळला. म्हणाला, "भूक तर लई हाय, पर गावाकडं कळलं तर जातीत घ्यायचे न्हाईत." संध्याकाळी वस्तीतल्या कुत्र्यांनी मेजवानी झोडली. मग चैत्रात पाणपोई घातली. गावात पाणपोईवर पाणी घालायला ब्राह्मण ठेवतात, तिथे माझ्या माठाला कोण तोंड लावणार? फक्त एका बैलाने तोंड घातलं आणि माठ रिकामा केला. बैल तहानलेला होता यात शंका नाही, पण पाद्रीबाबांच्या यादीत बैल बसतो की नाही हे विचारायला ते वर्षभर येणार नव्हते.

वस्त्राचं तर विचारूच नका. नदीकाठी एक पूर्ण उघडा गोसावी बसलेला दिसला. माझं मन भरून आलं. मी माझा तोफखान्याचा लाल कुडता काढला आणि हळूच मागून त्याच्या खांद्यावर घातला. तो नागा गोसावी होता. वस्त्र न नेसण्याचं त्याचं बारा वर्षांचं व्रत मी एका क्षणात मोडलं होतं. त्याच्याकडेही चिमटा होता, माझ्या चिमट्याच्या चौपट. त्याने मला लकडी पुलापर्यंत पळवलं. कुडता परत मिळाला नाही, त्याने तो धुनीत घातला.

आजाऱ्यांच्या विचारपुशीला गेलो, तर मला दारात बघताच आजारी माणूस तोंड गच्च मिटून भिंतीकडे वळे. घरचे म्हणत, "ह्यांचा ताप आहे हो, दात नाही!" वाटसरूला घरात ठेवलं, तर परक्या माणसाची वर्दी दिली नाही म्हणून कोतवालाचे शिपाई माझ्याच दारात उभे. चावडीत नेऊन त्यांनी मला एक दिवस बसवून ठेवलं. तिथे मी आत असलेल्या दोघा कैद्यांची मनसोक्त विचारपूस केली, एवढं एक कृत्य मात्र फुकटात पदरात पडलं. सातवं राहिलं, कारण त्या वर्षी आमच्या वस्तीत कुणी मेलंच नाही, आणि त्याची वाट बघत बसणं मला बरं दिसेना.

अशी माझी पुण्याई चालली असताना ज्येष्ठात शनिवार पेठेतला एक कारकून दाढ काढायला आला. जाता जाता म्हणाला, "ते आमचे शेजारी त्र्यंबकभट हो. पुढचा दात गेल्यापासून तोंडातून नुसता वारा जातो. वेदाचा उच्चार म्हणजे चेष्टा आहे का? अनुष्ठानांची बोलावणी बंद झाली. आता श्रावणात काय करणार, देव जाणे."

श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या मोठ्या आवारात हजारो ब्राह्मण जमत आणि श्रीमंतांकडून दक्षिणा घेत. साध्या भिक्षुकांना सरसकट मिळे. विद्वानांची मात्र आधी परीक्षा होई आणि त्यांना मानाची शाल मिळे. त्र्यंबकभट वीस वर्षं शालवाल्यांत होते. यंदा पंडितांसमोर त्यांच्या तोंडून शिट्टी निघाली असती, तर वीस वर्षं शाल घेणारा वेदपाठी साध्या भिक्षुकांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला असता. कारकून हे हसत हसत सांगत होता. मी त्याची दाढ काढली तेव्हा लवंग लावायचं विसरलो. खरं म्हणजे विसरलो नाही.

आषाढात एके दिवशी मी धीर केला आणि भटजींच्या अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचा धीर नव्हता, फक्त दात देण्याचा होता. हस्तिदंताचा एक दात कोरून नेला होता.

"भटजी, हा उरलेल्या दातांना तारेने बांधता येतो."

त्यांनी लांबूनच बघितलं. "हत्तीचं हाड? माझ्या तोंडात? वेद हत्तीने म्हणायचा की मी?"

मी खाली मान घातली. ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले ते हातात एक फुटका शंख घेऊन. "हा पूजेतला. तडा गेला म्हणून नदीत सोडायचा होता. शंख शुद्ध, सोनं शुद्ध. ह्याचा होईल?"

शंख कोरणं म्हणजे काय ते ज्याने कोरलाय त्यालाच माहीत. कानशीने घासला की त्याचं पीठ होतं, जोर दिला की टवका उडतो. तीन दात फुकट गेले, चौथा जमला. तारेसाठी कतरीनने कानातली एक बाळी काढून दिली. "कशासाठी?" म्हणून तिने विचारलं आणि मग मला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "मला सांगितलंस ते त्यांना सांग." मी म्हटलं, "आधी दात बसू दे."

दात घेऊन गेलो तेव्हा भटजी अंगणातल्या पाटावर बसले होते. मी जवळ जाऊ लागलो तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. हे तू कशासाठी देतोस? विकत देत असशील, तर तुला द्यायला आज माझ्याकडे काही नाही. दान असेल, तर मला विचार केला पाहिजे."

"दानच समजा, भटजी. आमच्या धर्मात सत्कृत्य सांगितलंय."

"आमच्याही. पण आमच्यात दान घेणाऱ्याकडे देणाऱ्याचं पाप येतं. म्हणून ब्राह्मण दान घेतो आणि मग जन्मभर जप करून ते फेडतो. तू सोन्याच्या तारेने बांधून काहीतरी माझ्या तोंडात ठेवणार. नक्की काय ठेवतोस ते आधी सांग. तुझं पाप काय आहे?"

पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकले होते तेव्हा अंधाऱ्या खोपट्यात होतो. इथे लख्ख ऊन, समोर तुळस, आणि पाटावरचा माणूस शांतपणे वाट बघणारा. मी म्हटलं, "भटजी, आपला पुढचा दात चांगला होता. मी चुकलो. मग खोटं बोललो. कीड जोडीने नसते."

भटजींनी माझ्या हातातल्या दाताकडे बघितलं. मग म्हणाले, "नसते, हे मला माहीत आहे. तोंड माझं होतं, अंतोबा. कुठला दात दुखतो हे ज्याचं त्याला कळतं."

"मग आपण तेव्हाच कोतवालाकडे…"

"जाणार होतो. आठ दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्याही बोळक्या निघाल्या. मग आठवलं, एकदाच हात लाव ही अट माझी होती. कोतवालाने मला तेच विचारलं असतं."

मला रडूच फुटलं. सात महिने मी ज्या माणसाला चुकवत गावभर पुण्य शोधत हिंडलो, त्याने ते घरात बसून, कुणाला न सांगता, माझ्यावरच करून टाकलं होतं. मी दात पुढे केला आणि म्हटलं, "तर मग हे प्रायश्चित्त म्हणून घ्या. तार माझ्या बायकोच्या बाळीची आहे. माझं एक तरी सत्कृत्य पदरात पडू दे."

"सत्कृत्य?" भटजींच्या भुवया वर गेल्या. "माझा दात तू नेलास, माझा दात तू आणून देतोस. शंखही माझाच. ह्यात तुझं पुण्य कुठून आलं? बाळी तुझ्या बायकोची, पुण्य असलंच तर तिचं. बस आता, बांध. आणि हात कितीही वेळा लाव."

पुढच्या वर्षी हे पाद्रीबाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की रांगेत थांबलेली माणसं आत डोकावून बघू लागली. डोळे पुसून म्हणाले, "आंतोन, मी वीस वर्षं तुम्हांला हेच शिकवतोय, की सत्कृत्य म्हणजे देवाला दिलेली लाच नव्हे. आपण जे देणं लागतो तेवढंच देतो, आणि तेही पुरतं देत नाही. भटाने एका वाक्यात सांगितलं." मग मला पाणपोई पुन्हा घालायला सांगितली. मी म्हटलं, बैल येतो. ते म्हणाले, येऊ दे. ती पाणपोई अजून चालू आहे, आणि बैल आता पुष्कळ झालेत.

पण मला सांगायचं आहे ते श्रावणातलं.

रमण्याच्या आत मला जाता येणं शक्यच नव्हतं. मी बाहेर रस्त्याकडेच्या झाडाखाली सकाळपासून उभा होतो. वरून भुरभुर चालू होती. आतून हजारो माणसांचा गलका येत होता आणि त्यात एका माणसाचा आवाज ओळखणं अशक्य होतं. आत परीक्षा चालू असेल, मोठा मंत्र म्हणताना तार सैल झाली तर? दात पंडितांच्या पुढ्यात पडला तर? मी आमच्या मारियाआईला हाक मारली, आणि समोर पर्वती होती म्हणून तिच्याकडेही जरा बघून घेतलं. कुणी रागावू नका, त्या दिवशी मला कुणालाच नाराज करायचं नव्हतं.

दुपार कलल्यावर ब्राह्मण बाहेर पडू लागले. त्र्यंबकभट दिसले ते चार-पाच वैदिकांच्या घोळक्यात. खांद्यावर शाल होती. माझा जीव भांड्यात पडला. त्यांना तोंड दाखवायला नको म्हणून मी झाडाआड सरकलो, पण त्यांनी मला बघितलं होतं. घोळका सोडून ते रस्ता ओलांडून आले आणि चार हातांवर थांबले. सोबतचे सगळे बघत राहिले.

"अंतोबा, डाव्या बाजूची खालची दाढ चार दिवस ठणकते आहे. उद्या सकाळी येतो."

मी म्हटलं, "माझ्याकडे? भटजी, गावात वैदू आहेत, न्हावी आहेत…"

"आहेत ना. त्यांनीही लोकांचे चांगले दात काढले असतीलच," भटजी म्हणाले. "पण सांगायला अजून कुणी आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते चिंचेखाली आले, दगडावर बसले आणि डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं. चिमटा उचलला, तर मला दात धूसर दिसायला लागले. मी तो खाली ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि मगच कामाला लागलो.